'बंदिश बँडिट्स' पुन्हा पाहिली, आता समोर बसून गाणं ऐकायचंय? पुण्यातल्या नवख्या श्रोत्यांसाठी

२०२० च्या ऑगस्टमध्ये, सगळे घरात अडकलेले असताना 'बंदिश बँडिट्स' या शास्त्रीय संगीतावरच्या वेब मालिकेचा पहिला भाग आला आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो दोन रात्रींत संपवला. मग चार वर्षं शांतता. १३ डिसेंबर २०२४ ला दुसरा भाग आला, त्याआधी उजळणी म्हणून मी पहिला भाग पुन्हा लावला आणि ही मालिका मला आधीपेक्षा जास्त आवडली. पहिल्यांदा राधे आणि तमन्नाची गोष्ट पाहिली होती. दुसऱ्यांदा कान गाण्याकडे होते. तिथून माझं मैफलींना जाणं सुरू झालं.

ऑफिसात, सोसायटीत, नात्यात आता अनेकजण विचारतात, "मालिका बघून ऐकावंसं वाटतंय, पण सुरुवात कुठून करू? मला त्यातलं काही कळत नाही." तुम्ही हिंजवडीत राहत असा, खराडीत किंवा कोथरूडला, पुण्यात असाल तर तुमच्यासारखं भाग्य नाही. इथे उत्तम गाणं अगदी कमी पैशांत आणि पुष्कळदा फुकट ऐकायला मिळतं. फक्त आत शिरायचं दार कुठे आहे ते कोणी नीट सांगत नाही.

सुरुवातीला काय हवं

- प्राइम व्हिडिओचं सदस्यत्व (मालिका तिथेच आहे)
- बरे हेडफोन. टीव्हीच्या स्पीकरवर तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही.
- एक छोटी वही
- मोबाइलवर तानपुऱ्याचं एखादं अॅप. अनेक अॅप फुकट आहेत
- आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' अॅप, त्यावरच्या 'रागम्' वाहिनीसाठी
- थंडीतल्या मैफलींसाठी शाल किंवा स्वेटर

हार्मोनियम, तबला, पुस्तकं यातलं काहीही आत्ता विकत घेऊ नका.

१. मालिका पुन्हा पाहा, पण कानांनी

पहिल्या भागात दहा प्रकरणं आहेत, दुसऱ्यात आठ. क्रम मोडू नका. दुसरा भाग पंडितजींच्या, म्हणजे राधेचे आजोबा आणि गुरू यांच्या, निधनानंतरच्या काळात सुरू होतो, त्यामुळे पहिला न पाहता गेलात तर त्या घरातले ताण समजणार नाहीत. भाषा काही ठिकाणी चांगलीच शिवराळ आहे, तेव्हा लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर आधी एकदा स्वतः पाहून ठेवा.

पाहताना वहीत दोन रकाने करा. एकात गाणं, दुसऱ्यात ते खरं कोणी गायलंय. नसीरुद्दीन शाह, अतुल कुलकर्णी, ऋत्विक भौमिक यांनी अभिनय इतका चोख केलाय की गळा त्यांचाच वाटतो. पण पहिल्या भागाचं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं आहे, आणि पडद्यामागे शंकर महादेवन, जावेद अली, पंडित अजय चक्रवर्ती असे गायक आहेत. 'गरज गरज' ही जुगलबंदी पंडित अजय चक्रवर्ती आणि जावेद अली यांची. ती एकदा चित्र बंद करून ऐका. दोघांच्या आवाजाची ठेवण वेगळी, स्वर लावायची पद्धत वेगळी, हे तुम्हाला कोणी न शिकवता कळेल. 'मला काही कळत नाही' हे खरं नव्हतं, हेही तेव्हाच कळेल.

काय खरं आणि काय काल्पनिक, हेही वेगळं करून ठेवा. जोधपूर खरं, राठोड घराणं काल्पनिक. गंडाबंधन खरं: गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधून त्याला रीतसर आपला मानतो. घराणी तर खरीच: ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर-अत्रौली, पतियाळा, मेवाती. पुण्यात राहणाऱ्याला यातलं किराणा घराणं पावलोपावली भेटतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी अशी ही ओळ आहे.

इथे एक सापळा आहे. मालिकेत गाणं म्हणजे सतत सामना: कोण जिंकलं, कोण हरलं. गोष्टीला ते लागतं, आणि मला ते प्रसंग मनापासून आवडतात. पण तीच अपेक्षा घेऊन मैफलीत गेलात तर पहिला अर्धा तास 'काहीच होत नाहीये' असं वाटेल. तिथे कोणी कोणाला हरवायला बसलेलं नसतं. एक माणूस एका रागाची ओळख अगदी सावकाश करून देत असतो.

२. घरी एकच राग धरा

दहा राग चाखण्यापेक्षा एकाच रागासोबत महिनाभर राहा. माझं मत यमनच्या बाजूने आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतरचा राग, सगळे स्वर शुद्ध, फक्त मध्यम, म्हणजे 'म', तीव्र (थोडा चढा). शिवाय यमनवर बेतलेली भावगीतं, नाट्यगीतं आणि सिनेमातली गाणी तुमच्या कानात लहानपणापासून आहेत, त्यामुळे वळणं ओळखीची वाटतात.

यमनचं पूर्ण लांबीचं ध्वनिमुद्रण शोधा, चाळीस मिनिटं ते तासभर चालणारं. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, प्रभा अत्रे, जितेंद्र अभिषेकी, कोणाचंही घ्या. पहिल्या दिवशी एकाचं ऐका, आठवड्याने दुसऱ्याचं. राग तोच, गाणं किती वेगळं, हे लक्षात आलं की अर्धं काम झालं.

आता रचना. मैफलीत राग मांडायचा नेहमीचा प्रकार म्हणजे ख्याल, आणि बहुतेक ख्याल साधारण असे चालतात: आधी थोडी आलापी, म्हणजे ठेक्याशिवाय स्वर सावकाश उलगडणं. मग विलंबित (संथ) लयीतली बंदिश, म्हणजे शब्द-सुरांची बांधलेली रचना; हा बडा ख्याल. इथे तबला सुरू होतो, पण इतका सावकाश की नवख्याला मात्रा (तालातले ठोके) सापडत नाहीत. मग द्रुत (जलद) बंदिश, म्हणजे छोटा ख्याल, आणि ताना, म्हणजे स्वरांच्या वेगवान सरी. मालिकेत जे ऐकू येतं ते बहुतेक या शेवटच्या टप्प्यातलं किंवा त्याहून आटोपशीर असतं. म्हणून घरी ऐकताना उलटं करा: आधी द्रुत भाग ऐका, मग सुरुवातीकडे या.

ताल मोजायला शिकाच. सगळ्या लेखातलं एकच पाऊल उचलणार असाल तर हे उचला. तीनतालाच्या १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात उलटा; तिला 'खाली' म्हणतात. पहिली मात्रा म्हणजे सम. द्रुत तीनताल लावा आणि मांडीवर मोजत राहा. गायक कितीही फिरून आला तरी सगळे मिळून समेवर उतरतात, तो क्षण एकदा तुम्ही स्वतः मोजून पकडलात की पुढची गोडी आपोआप लागते. मैफलीत मधेच सगळे एकदम 'वा' का म्हणतात, त्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. तीनताल जमला की १० मात्रांचा झपताल घ्या. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांच्या मागे सध्या लागू नका.

तीन मिनिटांच्या तुकड्यांबद्दल एक गोष्ट. जुन्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तेवढ्यात अख्खा राग उभा केलाय. तेव्हा छोटं म्हणजे वाईट असं नाही. पण त्या तबकड्या तेवढ्याच वेळासाठी गायलेल्या होत्या. तासाभराच्या मैफलीतून फक्त तानांचा भाग कापून फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये त्या ताना ज्या शांततेतून आल्या, ती शांतताच कापलेली असते.

३. पहिली मैफल छोटी निवडा

मालिकेच्या उत्साहात थेट डिसेंबरच्या 'सवाई'ला, म्हणजे पुण्याच्या मोठ्या सवाई गंधर्व महोत्सवाला, जाऊन बसू नका. आधी दोनशे-तीनशे माणसांच्या सभागृहात जा. कलाकाराचा चेहरा दिसतो, तबलजीचे हात दिसतात, आणि दोघांमधली नजरानजर दिसते.

शोधायचं कुठे? मराठी वर्तमानपत्रांच्या पुणे पुरवणीत दिवसभराच्या कार्यक्रमांची छोटी यादी असते; ती रोज सकाळी पाहायची सवय लावा. शनिवार पेठेत मेहुणपुऱ्यात गांधर्व महाविद्यालय आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेलं; तिथल्या सभागृहात बैठका होतात. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आहे. याशिवाय टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर, हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, औंधचं पंडित भीमसेन जोशी कलामंदिर. गुरुपौर्णिमेच्या आसपास आणि एखाद्या बुजुर्ग कलाकाराच्या पुण्यतिथीला कार्यक्रमांची रेलचेल असते. दिवाळी पहाटेचे कार्यक्रमही गोड असतात, पण तिथे भावगीतं आणि नाट्यपदं जास्त असतात. ख्याल ऐकायचा असेल तर पत्रिका नीट वाचा.

आता सापळे.

'प्रवेश विनामूल्य' याचा अर्थ 'केव्हाही या' असा नाही. पुष्कळदा प्रवेशिका लागते आणि ती दोन-तीन दिवस आधी नाट्यगृहावर ठरलेल्या वेळेत मिळते. 'काही जागा राखीव' असं लिहिलेलं असेल तर पुढच्या रांगा धरू नका. मधल्या रांगेत कडेला बसा, तिथून उठवत नाहीत. अर्धा तास आधी पोचा. पुण्यात नेहमीचे श्रोते त्याहून आधी आलेले असतात. दुचाकी असेल तर ठीक, पेठांमध्ये चारचाकी नेऊ नका. आणि पत्रिकेवर संवादिनी (हार्मोनियम) व तबल्याच्या साथीदारांची नावं वाचायला शिका. वर्षभरात तुम्ही त्या नावांसाठीसुद्धा जायला लागाल.

४. मैफलीत कसं बसावं

याची धास्ती उगाच घेतली जाते. कपड्यांचा काही नियम नाही. स्वच्छ, साधं, बसायला सोयीचं, एवढं पुरे.

मोबाइल पूर्ण बंद करा. नुसता मूक ठेवला तरी अंधारात पडद्याचा उजेड मागच्या चार जणांना त्रास देतो. ध्वनिमुद्रण करू नका, परवानगी नसते आणि कलाकाराचं लक्ष विचलित होतं. आत-बाहेर करायचं ते दोन रागांच्या मध्ये. आलापी चालू असताना उठणं टाळा.

सुरुवातीला तानपुरे लावायला वेळ जातो. नवखी माणसं तेव्हा गप्पा मारतात. तुम्ही तो वेळ सोडू नका. दोन तानपुरे एकमेकांत मिसळत जातात आणि एका क्षणी तारा कोणाच्या हातात आहेत हेच कळेनासं होतं. पुढचा सगळा राग त्या स्वरावर उभा राहणार असतो.

दाद कधी द्यायची? टाळ्या राग संपल्यावर. मधे एखादी जागा मनाला भिडली तर हळूच 'वा' किंवा 'क्या बात है'. न भिडता, शेजाऱ्याने दिली म्हणून देऊ नका.

राग ओळखता आला नाही तर? बहुतेक कलाकार आधी सांगतात. नाही सांगितला तर शेजारी बसलेल्या काकांना किंवा काकूंना विचारा, पण बंदिश संपल्यावर.

"काका, आत्ताचा राग कोणता होता?"

"बागेश्री. पहिल्यांदा आलात का?"

"हो, मालिका बघून आवड लागली."

"मग मध्यंतरात भेटा, सांगतो."

असं संभाषण तुमचंही होईल. पुण्यातल्या जुन्या श्रोत्यांबद्दल ते तुसडे असतात अशी समजूत आहे. मला त्यांनी जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने शिकवलेलं नाही. मालिका पाहून आलो हे सांगायला संकोच करू नका. कुठल्या वाटेने आलात याला महत्त्व नाही, बसून ऐकताय याला आहे.

५. मग सवाई

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ ला, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ साली भीमसेनजी गेल्यावर नाव 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' झालं. अनेक वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. जुना पत्ता डोक्यात ठेवून कोणी तुम्हाला शनिवार पेठेत पाठवलं तर ऐकू नका.

तिकीट: संपूर्ण महोत्सवाचं आणि रोजचं, असं दोन्ही प्रकारचं मिळतं. खुर्ची किंवा भारतीय बैठक असे पर्याय असतात. नवख्यांनी रोजचं तिकीट आणि भारतीय बैठक घ्यावी. स्वस्त पडते, आणि सतरंजीवर शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबाशी ओळख होते, डबे उघडतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र खुर्चीच. विक्री सुरू झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. नावाजलेल्या कलाकाराचा दिवस हवा असेल तर थांबू नका.

न्यायच्या वस्तू: तिकीट, पाण्याची बाटली, शाल, कानटोपी, बैठकीसाठी छोटी उशी किंवा घडी घातलेली चादर. डिसेंबरातल्या पुण्यात उघड्या मैदानावर रात्री आठनंतर जमीन गार पडते. खाण्याचे स्टॉल असतात, पण मध्यंतरात तिथे झुंबड उडते.

जायचं कसं: सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते, तिथून मुकुंदनगर जवळ आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते निघण्याआधी पाहून ठेवा.

वेळेचा एक मुद्दा समजून घ्या. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालत असे आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. ध्वनिवर्धकावर रात्री दहाची मर्यादा आल्यापासून दुपारी सुरुवात करून रात्री आटोपावं लागतं. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे दुपारचे आणि सायंकाळचे राग, मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा, इथे भरपूर कानी पडतात. मालकंस, दरबारी या उशिरा रात्रीच्या रागांना वेळ कमी मिळतो. दुपारी जागा मोकळ्या असतात आणि तरुण कलाकार जीव ओतून गातात. ऑफिसातून अर्धी रजा काढायचीच असेल तर त्या तीन-चार तासांसाठी काढा.

आणि ही गोष्ट बऱ्याच पुणेकरांनाही ठाऊक नसते. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरला राहुल चित्रपटगृहाजवळच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे उपक्रम होतात. एकात संगीतावरचे माहितीपट, दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा. मालिकेतून आलेल्या माणसाला यासारखी सोय नाही, कारण घराणी, तालीम, गुरूचं घर याबद्दल जे पडद्यावर पाहिलं, ते तिथे प्रत्यक्ष जगलेल्या माणसांकडून ऐकायला मिळतं.

सवाई चुकला तर हळहळत बसू नका. वसंतराव देशपांड्यांच्या स्मरणार्थ होणारा वसंतोत्सव आहे, किशोरीताईंच्या नावाने होणारा गानसरस्वती महोत्सव आहे.

६. एक रविवार वाद्यांसाठी

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. तानपुऱ्याचा भोपळा, सारंगीच्या तारा, वीणा जवळून पाहा. घरात मूल असेल तर त्याला नक्की न्या.

७. शिकावंसं वाटलं तर

वाटेलच. वय विचारात घेऊ नका. चाळिशीत, पन्नाशीत सुरुवात करणारे प्रत्येक वर्गात असतात.

संस्थेत जायचं की घरगुती शिकवणीला, हे तुमच्या वेळेवर ठरवा. संस्थेत सहसा प्रवेश अर्ज, फोटो, ओळखपत्राची प्रत आणि शुल्क एवढं लागतं. परीक्षेला बसायचं असेल तर परीक्षेचा वेगळा अर्ज. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार असा चढत जातो आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात. मोठ्या वयात शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी परीक्षेचं नाव काढू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी षड्ज, म्हणजे 'सा', नीट लागू दे.

शुल्क भरण्याआधी एक वर्ग नुसता बसून ऐकण्याची परवानगी मागा. शिक्षक तानपुऱ्यावर गाऊन घेतात की फक्त हार्मोनियम वाजवून, ते पाहा. एका वेळी किती जण असतात ते विचारा. महिन्याभरात राग शिकवण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहा. महागडा तानपुरा लगेच नको. मिरजेच्या कारागिरांचे तानपुरे देशभर नावाजलेले आहेत, पण ती खरेदी गुरूंना सोबत घेऊनच करा. तोपर्यंत मोबाइलवरचा तानपुरा चालतो. फक्त तुमची पट्टी (तुमच्या आवाजाला पेलणारा 'सा') शिक्षकांकडून ठरवून घ्या, मनाने निवडू नका.

मालिकेतले पंडितजी पाहून अनेकांचा समज होतो की गुरू असेच हवेत, धाकात ठेवणारे, शुद्धीकरणाच्या शिक्षा देणारे. कडक शिस्त आणि अपमान यांत फरक आहे. एकच पलटा (सरावाची स्वररचना) शंभरदा घोटायला लावणं ही तालीम. सर्वांसमोर तुमच्या आवाजाची, वयाची, जातीची किंवा पैशाची टवाळी करणं ही तालीम नव्हे. असं कुठे झालं तर दुसऱ्या दिवसापासून जाऊ नका. पुण्यात प्रेमाने शिकवणारे पुष्कळ आहेत.

वर्गाची वेळ निवडताना संध्याकाळी सहा ते नऊ टाळा आणि शक्यतो सकाळची घ्या. मैफली संध्याकाळीच असतात, आणि शिकायला लागल्यावर ऐकणं सुटता कामा नये.